वारुळाने लिहिलेला पाणवठा

एका जंगलात एक कॉलेज होतं. जंगल आधीचं, कॉलेज नंतरचं, म्हणून मधली बरीच झाडं गेली होती. पण ते असो, बाळांनो. शिक्षण म्हटलं की जागा लागतेच.

कॉलेजात मोठं ग्रंथालय होतं. तिथे कोणी फिरकत नसे. एकटी वाळवी मात्र नेमाने जायची. दहा वर्षांत तिने सगळी पुस्तकं खाल्ली. कथा खाल्ल्या, कायदे खाल्ले, लोणच्यांच्या कृती खाल्ल्या. लढायांचे इतिहास तर दोन्ही बाजूंचे खाल्ले. मग ग्रंथालयाच्या जागी एक भलंमोठं वारूळ उभं राहिलं, आणि एके दिवशी ते लिहायला लागलं.

कसं, तर त्याच्या भोकाशी तोंड नेऊन विषय सांगायचा. आत जरा कुरकुर व्हायची आणि बाहेर सागाचं पान यायचं. पानावर निबंध. अक्षर सुबक, शुद्धलेखन चोख. वर लिहिलेलं असायचं, ‘फारच छान विषय विचारलात.’ आणि खाली, ‘हवा असल्यास हाच निबंध अधिक भावस्पर्शी करून देऊ का?’

वरची आणि खालची ओळ काढायची असते, हे पोरांच्या लक्षात यायचं नाही. प्राचार्य होते गवासर. ते दोन्ही ओळी वाचायचे आणि खूश व्हायचे. पूर्वी मुलं विषयाला नावं ठेवायची, आता बघा किती नम्र झाली, असं ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगायचे.

या कॉलेजात ठिपकी नावाची एक हरणी होती. तिच्या कळपातली कॉलेजात गेलेली ही पहिलीच. तिची आई येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते सांगायची. ठिपकी आळशी नव्हती हं. पहिल्या वर्षी ती सगळं स्वतःच लिहायची. एकेका वाक्याशी दिवसभर अडायची, आणि चाळीस मार्क मिळवायची. शेजारच्या बाकावरचं रानडुक्कर वारुळाकडून पान आणायचं आणि अठ्ठ्याऐंशी मिळवायचं. दुसऱ्या वर्षी ठिपकीही वारुळाच्या रांगेत उभी राहिली. तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, ते मनातच सांगा.

त्या वर्षी निबंधाला विषय आला, ‘आमचा पाणवठा’.

ठिपकीचं पान झकास होतं. ‘पाणवठा म्हणजे केवळ पाणी नव्हे, तर विविधतेचा तो एक हृद्य मिलनबिंदू आहे,’ अशी सुरुवात. वर्गातल्या बाकी अठ्ठावन्न जणांचीही साधारण तीच.

एक साळोबा तेवढा राहिला. साळोबा म्हणजे साळिंदर. तो स्वतःच्या अंगाचा काटा उपटून त्याने लिहायचा. चूक झाली की काटा मोडायचा आणि दुसरा उपटायचा. निबंध संपेपर्यंत त्याची एक बाजू बोडकी व्हायची. याही वेळी तो दुसऱ्याच वाक्यावर अडला. ‘वैशाखात पाणवठा आटतो. मग पाणी जातं...’ कुठे जातं? त्याला माहीत नव्हतं. माहीत नसलेलं लिहायचं कसं, हे तो वारुळाकडून शिकला नव्हता. म्हणून उठला आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रातून शोधत गेला. तीन दिवसांनी परत आला, चिखलाने भरलेला, आणि मग त्याने ते वाक्य पुरं केलं.

गवासरांपुढे साठ निबंध. त्यांनी तेही तपासायला वारुळाकडेच दिले. वारुळाला आपलंच लिखाण फार आवडलं. यात त्याचा दोष नाही, लिहिणाऱ्यांचं तसंच असतं. ठिपकीला सत्त्याण्णव. साळोबाच्या निबंधावर शेरा आला, ‘विषयांतर. अक्षर काटेरी. उशीर.’ साळोबा नापास. नापासांचे कागद वाळवीला घालायची पद्धत होती, तसा त्याचाही गेला.

मग वैशाख आला आणि पाणवठा आटला. पार तळाला भेगा पडल्या.

कळपात चौदा हरणं, त्यांत तीन पाडसं. ठिपकीची आई म्हणाली, “ठिपके, तू तर यावरच लिहिलंयस ना गं. मग हो पुढे.”

ठिपकीने आठवून पाहिलं. तिला मिलनबिंदू आठवला. पुढचं काही आठवेना. तिने जपून ठेवलेलं पान आणून वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत धाकट्या पाडसाने पुढे येऊन ते पान चाटून पाहिलं.

आमच्या पेठेतल्या दुकानात वेलदोड्याचा एक एजंट यायचा. मालाचं असं वर्णन करायचा की ऐकूनच चहाची तल्लफ यावी. एकदा मी दोन उघड्या थैल्या पुढे ठेवल्या आणि विचारलं, यातली तुमची कोणती? तो म्हणाला, चिठ्ठी लावलेली नाही, कसं सांगू? ठिपकीचं तसं झालं.

ती वारुळाकडे धावली. वारुळाने जराही न अडता सांगितलं, फारच छान विषय विचारलात, पश्चिमेला दोन कोसांवर कमळांनी भरलेलं सरोवर आहे. कळप दोन कोस चालला. तिथे तापलेला कातळ होता. ते सरोवर वारुळाने एका राजकन्येच्या गोष्टीतून खाल्लेलं होतं.

कातळावर धाकटं पाडस बसलं ते उठेना. आईने त्याला मानेने ढकललं, पुन्हा ढकललं. ठिपकीकडे कोणी रागाने पाहिलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

मग तिला चिखलाने भरून आलेला साळोबा आठवला, आणि ती त्याच्या बिळाशी गेली. तुझा निबंध शोधला, वाळवीने खाल्लाय, आता काय करायचं, असं तिने खाली मान घालून विचारलं.

साळोबा म्हणाला, “निबंध गेला तर जाऊ दे. तिथे मी गेलो होतो ना.”

तो पुढे, कळप मागे, पाडस आईच्या आधाराने. ओढ्याच्या तिसऱ्या वळणावर उंबर होता. त्याच्या मुळाशी साळोबाने वाळू उकरली. आधी ओल लागली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. पाडसाने तोंड घातलं ते बराच वेळ वर काढलं नाही.

ठिपकीने विचारलं, “तुला कसं रे माहीत होतं?”

“कुठे माहीत होतं? वाक्य पुढे सरकेना, म्हणून गेलो बघायला.”

पुढे कॉलेजात साळोबाचा सत्कार झाला. मानपत्र वारुळाने लिहिलं. ‘साळिंदर म्हणजे केवळ काटे नव्हेत,’ अशी सुरुवात. फेरतपासणीची मुदत टळल्यामुळे तो नापासच राहिला, पण शाल मिळाली. काट्यांत अडकून ती जागच्या जागी फाटली.

ठिपकीने त्याच्याकडून एक काटा मागून घेतला. पुढचा निबंध तिने त्या काट्याने लिहिला. पहिल्याच वाक्यावर अडली, उठली आणि बघायला गेली. मार्क एक्केचाळीस. आई हल्ली मार्कांचं कोणाला सांगत नाही. कळप मात्र आता तिच्या मागून चालतो.

तात्पर्य : परीक्षेला वारूळच बरं, बाळांनो. फक्त वैशाखाच्या आत एखाद्या नापास साळिंदराशी ओळख वाढवून ठेवावी.