खैरनार नानांचा फिल्टर

आमच्या वास्तुशांतीच्या जेवणाला आलेल्या खैरनार नानांनी पानातली पोळी उचलली, दोन्ही हातांनी ट्यूबलाइटसमोर धरली, निरखून पाहिली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "पास. वाढा अजून एक." ती त्यांना पहिल्यांदाच भेटत होती. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो.

पुढे कळलं की समोरच्या बिल्डिंगमधले हे गृहस्थ सगळंच उजेडासमोर धरून बघतात. पापड, लग्नपत्रिका, नवा शर्ट, काही म्हणजे काही सोडत नाहीत. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं गाड्यांचे एअर फिल्टर तपासले. घड्यांच्या कागदाचा फिल्टर उचलायचा, दिव्यासमोर फिरवायचा आणि टाचणीएवढं भोक दिसलं की बाजूला टाकायचा. "उजेड आला की रिजेक्ट," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साहेबांनी कितीही गळ घातली तरी खोटा शिक्का कधी मारला नाही, हे ते न विचारता सांगतात.

रिटायर झाल्यावर सवय जाईना. इंदिरानगरात आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन पार्किंगमध्ये उतरतात. जो सापडेल त्याला बॉनेट उघडायला लावतात, फिल्टर काढून जमिनीवर आपटतात आणि पडलेल्या धुळीवरून गाडी कुठे हिंडून आली ते सांगतात. एकदा आमचे पाटील बायकोला मुंबईत मीटिंग होती म्हणून सांगून आले होते. नानांनी त्यांच्या फिल्टरच्या घडीतून कांद्याचं पातळ साल चिमटीत धरून बाहेर काढलं. "लासलगाव. मार्केटपाशीच उभी होती गाडी, लय वेळ." पाटीलवहिनी मागेच उभ्या होत्या. पाटलांचा लासलगावचा मित्र आणि तिथला पत्त्यांचा अड्डा असा उघडकीस आला.

मध्यंतरी व्हिडिओ बघून बघून माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. गाडीला परफॉर्मन्स एअर फिल्टर बसवायचा. कापडाचा, लालभडक, धुऊन पुन्हा वापरायचा, आणि तो बसवला की म्हणे गाडी नुसती उधळते. मी नानांना विचारायला गेलो, हीच चूक झाली.

"सर, नाकातले केस उपटले तर हवा जास्त जाईल का नाय? जाईल. पण धूळबी जाईल! आपल्याकडची धूळ काय साधी हाय का? इंजिन खरवडून काढते ती. वर त्याला तेल चोपडायचं. जास्त झालं की ते जाऊन सेन्सरवर बसतं. आन पॉवरचं म्हणाल, तर फरक कळायला तुम्हाला भिंग लागंल. वाढतो फक्त आवाज. तुम्हाला आवाजच पायजे असंल तर हॉर्न बदला."

मी हॉर्नही बदलला नाही.

पण नानांचा एवढा राग फिल्टरवर नव्हता, हे मला उशिरा कळलं. त्यांचा मुलगा अमोल पुण्याला नोकरी करतो. महिन्यातून एका शनिवारी सकाळी यायचा आणि चार वाजता परत निघायचा. खैरनारकाकू दर वेळी म्हणायच्या, "राहा रे आजची रात्र." तो म्हणायचा, "आई, उद्या कामं आहेत गं." नाना कधीच राहा म्हणायचे नाहीत. त्यांना ते म्हणताच येत नाही. ते म्हणायचे, "चल, फिल्टर बघू." मग बाप-लेक अर्धा तास बॉनेटखाली वाकून उभे. अमोल टॉर्च धरायचा, नाना धूळ झटकायचे. गेल्या महिनाभरात मुलगा कुठे कुठे गेला ते धुळीतून शोधायचे आणि मान हलवायचे. त्या अर्ध्या तासात दोघं जेवढं बोलायचे, तेवढं महिन्याभरात फोनवर बोलत नसत.

एकदा अमोलनेच सांगितलं, "नाना, मी तो धुवायचा फिल्टर बसवतोय. लवकर उघडायलाच लागत नाही." नाना असे भडकले की आवाज आमच्या घरात ऐकू आला. शेवटी अमोल म्हणाला, "बरं, राहू दे. कागदीच ठेवतो. तसाही आता सर्व्हिसिंगवाले पॅकेजमध्ये बदलून देतात. तुम्ही कशाला हात काळे करता?"

नाना जिंकले आणि त्यांचा अर्धा तास गेला. पुढच्या दोन्ही खेपांना अमोल जेवून लगेच निघाला. दुसऱ्या खेपेनंतरच्या रविवारी नाना पार्किंगमध्ये आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो तर खिडकीशी बसले होते. "सगळ्यांच्या गाड्या नीट हायेत," एवढंच बोलले.

आठवड्याने त्यांनी मला मोबाइलवर चक्क तोच लाल फिल्टर मागवायला लावला. खोकं त्यांच्यासमोर उघडलं तरी मला खरं वाटेना.

"नाना, पॉवर वाढते का हो?"

"काडीची नाय."

"मग?"

त्यांनी सोबतचा कागद माझ्यापुढे केला. "धुतल्यावर काय करायचं लिहिलंय, ते वाचा."

सावलीत नैसर्गिकरीत्या पूर्ण वाळू द्यावा, असं लिहिलं होतं. उन्हात ठेवू नये. ड्रायर वापरू नये. वाळल्यावर तेल लावून ते मुरू द्यावं.

"म्हणजे दुपारी धुतला की रात्रभर गाडी हलत नाय," नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आन ढगाळ असलं तर काय सांगावं."

मी कागदाची घडी केली. इतक्या वर्षांत या माणसाला मुलाला 'राहा' म्हणता आलं नाही, आणि ते शेवटी त्याने एका फिल्टरकडून म्हणवून घेतलं.

पुढच्या खेपेला नानांनी अमोलच्या गाडीला तो बसवला. त्याच्या पुढच्या खेपेला धुवायला काढला. "अहो नाना, याला इतक्यात धुवायचं नसतं," अमोल म्हणत होता. "नाशकात धुवावा लागतो," नाना म्हणाले. "मग तोवर जुना कागदी लावा ना!" "भंगारात दिला." कारखान्यातून निघताना आठवण म्हणून आणलेले सात फिल्टर ज्यांच्या दिवाणात आहेत, त्यांनी हे सांगितलं. अमोल राहिला. काकूंनी मांडे केले.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत आलो. समोर खैरनारांच्या गॅलरीत दोरीला तो लाल फिल्टर टांगलेला होता. नानांनी तो चाचपून बघितला. हात कोरडा निघाला असावा, कारण आतून अमोलचा आवाज आला, "नाना, वाळला का हो?" आणि नानांनी घाईघाईने हातातल्या तांब्यातलं उरलंसुरलं पाणी त्यावर शिंपडलं.

"ओलाय रे अजून!"

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. त्यांनी हे बघितलं. मला वाटलं, आता चांगलंच झापणार. त्यांनी नानांच्या हातातला रिकामा तांब्या घेतला, आत गेल्या, आणि भरून आणून दिला.