पाय लावू नये असा गालिचा

"सूनबाई, गुरवारी दारात आलेल्या सवाशीणीले उघड्या भुईवर बसवू नोको. लक्ष्मी कोणाच्या रूपानं येते, सांगता येत नाही!"

सासूबाई जाऊन वर्षं लोटली, पण मार्गशीर्ष लागला की चंद्रकलेच्या कानात त्यांचा आवाज घुमायचाच. त्यांच्या हातावर हात ठेवून तिने 'हो' म्हटलं होतं, आणि ते आजवर पाळलं होतं. आज शेवटचा गुरुवार, उद्यापन. बायकांना बसवून हळदीकुंकू दिल्यावरच उपास सुटायचा.

आणि घरात अंथरायला एक सतरंजी नव्हती!

तसे गालिचे होते. मागची खोली भरून होते! तिचे यजमान हिरालालजी, पवनीतले लुगड्यांचे व्यापारी, यांना जुन्या गालिच्यांचा नाद लागला होता. पोटात डांबरगोळ्या घेऊन सगळे गालिचे भिंतीशी उभे, मास्तरांनी शिक्षा केल्यासारखे! अंथरायचे नाहीत, झिजतात. टांगायचे नाहीत, रंग उडतो. दाखवायचे नाहीत, नजर लागते! साध्या सतरंज्या तर त्यांनी केव्हाच वाटून टाकल्या. म्हणाले, "त्याईच्या शेजारी माह्या गालिच्याईचा अपमान होते!"

नेमका आजच नागपूरहून टेम्पोत आणखी एक आला. तो बघायला तुमसरहून राइस मिलवाले धनीरामजी आले. त्यांनाही हाच रोग. त्यांच्या घरी पाहुणे गालिच्याला पाय लागू नये म्हणून भिंतीला पाठ घासत पालीसारखे सरकतात!

"अख्ख्या भंडारा जिल्ह्यात असा नग नाही!" हिरालालजी गरजले.

"गोंदिया धरून?"

"गोंदिया तुटायच्या आधीचा जिल्हा धरा, तरी नाही!"

धूळ नको म्हणून दोघांनी बैठकीचं दार आतून लावलं आणि गालिचा उलगडायला घेतला. दुकानात दिवसभर लुगडी मोजणाऱ्या माणसाने खोली तेवढी मोजली नव्हती! उरलेली गुंडाळी दाराला अशी भिडली, की आत उघडणारं ते एकुलतं दार घट्ट बसलं. गालिच्यावर पाय पडू नये म्हणून हिरालालजी खिडकीत चढले, धनीरामजी तख्तपोसाच्या फळ्यांवर. झाडावर चढलेली दोन माकडंच!

सडा टाकलेल्या ओल्या अंगणात बायका येऊ लागल्या. चंद्रकला खिडकीशी गेली.

"अहो, बाहेर या. बायकाईले बैठकीत बसवाचं आहे."

"कसा येऊ? गालिचा सरकवा लागते!"

"मग सरकवा."

"सरकवाले त्याच्यावर पाय द्यावा लागते!"

"मग द्या."

दोघांनी असे डोळे वटारले, जणू तिने तुळशीवर पाय द्यायला सांगितलं!

"वयनी, शंभर वर्षांची वस्तू आहे," धनीरामजी कळवळले.

"पर कायले घेतली?"

धनीरामजी वाकून गालिच्याच्या गाठी मोजू लागले.

तेवढ्यात हळदीकुंकवाला आलेल्या कुंताबाईंनी मागून टोमणा मारला, "काहून व चंद्रकला, घरात गालिच्याईचा बाजार, अन् आमच्या नशिबी चिखल?"

त्यांच्या बाजूची रुखमिणी मात्र लुगडं सावरून त्या ओल्या भुईवर टेकायला लागली. चंद्रकलेच्या काळजात चर्र झालं.

"टेकू नोको, माय! थांब!"

ती मागच्या खोलीत गेली. देवीचं नाव घेतलं आणि कोपऱ्यातल्या गालिच्याची दोरी सोडली. डांबरगोळ्या टकटक करत फरशीभर पळाल्या.

बैठकीतून किंकाळी आली, "चंद्रकला! काय पडून राहिलं? कोणता काढून राहिली तू?"

"देवीच्या कामाचा," ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "ज्याले अजून कोणाचाच पाय नाही लागला, तो."

"थांब! मी आलोच!"

पण आलं कोणीच नाही. यायचं म्हणजे आधी खाली पाय टेकायला हवा!

चंद्रकलेने पदर खोचला, गालिचा खांद्यावर घेतला, आणि त्या ओल्या अंगणाकडे निघाली.