नानासोंचा बिनरंगी फ्लेक्स

शिरवळच्या कारखान्यातली नोकरी सोडून भरतेश सांगलीला परतला आणि घरात जाहीर करून मोकळा झाला, "मी आता फ्रीलान्स लेखक आणि कम्युनिकेशन स्पेशालिस्ट!"

वडील बाळगोंडांची हळदीची अडत. ते म्हणाले, "उंब्रजचं नानासो आपलं जुनं गिऱ्हाईक. त्यांचं चटणीचं दुकान निघतंय, जाहिरात तू कर. जमलं तर लिहीत बस. न्हाई जमलं, तर सोमवारपासनं गादीवर!"

नानासोंनी गॉगल घातलेला आपला झगमगीत फोटो पाठवला आणि सोबत झाडून सगळ्या शुभेच्छुकांचे! एवढी तोंडं बघून भरतेशला घेरीच आली. त्याने शुभेच्छुकांना फाटा दिला. नानासोंचा जुना, शांत चेहऱ्याचा फोटो शोधून तो काळा-पांढरा केला. खाली एकच ओळ : 'एक नाव. एक चव. नानासो.' कोपऱ्यात स्वतःचा मोबाइल नंबर. बाकी नुसती मोकळी जागा! नानासो बायकोला घेऊन महाबळेश्वरच्या हॉटेलांना चटणी पोचवायला गेले होते. तेवढ्यात फ्लेक्स उंब्रजला दुकानासमोरच्या चौकात लागलासुद्धा.

लगेच फोन सुरू झाले.

"बोर्ड बघितला. हातपायच गळालं आमचं!"

"धन्यवाद!" भरतेश म्हणाला. समोरच्याने फोनच ठेवला. लगेच दुसरा आला.

"लय साधं लिवलंय, पण डोळ्यात पानी आलं. कवा हाय?"

"उद्या सकाळी दहाला, दुकानापाशी. सगळ्यांनी या!"

"पाव्हणं यायचं आसतील, म्हणून थांबवलंय व्हय?"

"हो, हो! मोठे पाहुणे आहेत!"

चटणीसाठी माणसं रडतात? आपली लेखणी एवढी धारदार असेल, असं त्यालाही वाटलं नव्हतं.

सकाळी उंब्रजला पोचला तर ही गर्दी! पण बँड नाही, हसू नाही. पुरुष टोप्या काढून उभे. बायकांनी भाकरीच्या टोपल्या आणलेल्या. उद्घाटनाला भाकरी कशाला? भरतेशला काही केल्या उलगडेना. जोतीराम नावाच्या म्हाताऱ्याने त्याला छातीशी धरलं.

"तू त्यांचा कोन रं?"

"कम्युनिकेशन स्पेशालिस्ट."

"म्हंजे थोरला जावई व्हय?"

इतक्यात टेम्पो थांबला आणि कडक इस्त्रीतले नानासो उतरले. गर्दी बघून त्यांनी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "कोन गेलं रं?"

सगळे भूत बघितल्यासारखे मागे सरले! ते बघून नानासोंच्या बायकोने, साळूबाईंनी, कोण गेलं ते न विचारताच हंबरडा फोडला.

मग नानासोंची नजर फ्लेक्सवर गेली.

"माझा गॉगल कुठाय? आन् माझी मानसं?"

"गर्दी वाटत होती, म्हणून..."

"गर्दी न्हवं, माझं गिऱ्हाईक हुतं ते!"

जोतीरामने भरतेशला समजावलं, "लेकरा, आपल्याकडं मानूस हाय तवर फ्लेक्सवर रंगीत असतोय."

भरतेशच्या डोळ्यांपुढे हळदीची पोती दिसू लागली. इकडे लोकांनी, दुखवट्याच्या घरात चूल पेटणार नाही म्हणून आणलेल्या भाकऱ्या सोडल्या, नानासोंनी चटणीचे डबे उघडले, आणि बघता बघता दुकान रिकामं! तरी नानासो त्याच्याकडे बघेनात.

भरतेश निघाला, तसं जोतीरामने त्याला बाजूला घेतलं. "माझा बी फ्लेक्स असाच करून ठेव. मागनं पोरं काय छापतील, भरोसा न्हाई. मी हाय तवर बघून घेतो."

भरतेशने आनंदाने सांगलीला वडिलांना फोन लावला. "आप्पा, दुसरं काम मिळालं!"

"झ्याक! कवा लावायचंय?"

जोतीराम समोर चौथी भाकरी मोडत होता.

"ते... अजून ठरलं नाही."