हर्षदला 'दूरचा तळ' दाखवण्याबाबत

एखादी गोष्ट आपल्याला मनापासून आवडली की ती घरातल्या दुसऱ्या माणसाला आवडेपर्यंत त्याला सोडायचं नाही, या वृत्तीला सुसंस्कृत समाजात प्रेम म्हणतात. (हेच परक्या माणसाने केलं तर आपण त्याला विक्रेता म्हणतो आणि दार लावून घेतो.)

नम्रताचं हर्षदवर असं प्रेम होतं. ती खालापूरला एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. हर्षदचं चौक गावात हायवेलगत गाड्यांचं गॅरेज. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि दोघांमधलं बोलणं गॅस, दूध आणि पाण्याची मोटर या विषयांवर येऊन स्थिरावलं होतं. संसार उत्तम चालला होता, म्हणजे कुणाचीही लेखी तक्रार नव्हती. पण नम्रता लॅपटॉपवर 'दूरचा तळ' नावाची परदेशी विज्ञानमालिका बघायची (सहा पर्वं, अठ्ठावन्न भाग, तिची तीन पारायणं झालेली), आणि तिकडे अंतराळात माणसं एकमेकांसाठी जीव देत असताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. ते तिला खुपायचं.

शेवटी तिने हर्षदला मालिका दाखवायचं ठरवलं. ऑफिसात मुरलेली बाई, त्यामुळे सगळं रीतसर केलं. आठवडाभर आधी पूर्वसूचना दिली. मग नियम सांगितले: दर रविवारी दुपारी तीनला बसायचं. मोबाइल बंद. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, शंका भाग संपल्यावर विचारात घेतल्या जातील. पहिले पाच भाग कंटाळवाणे वाटले तरी त्यावरून मत बनवायचं नाही, कारण खरी मजा सहाव्यापासून आहे. मालिका हिंदीतही मिळत होती, पण डबिंगमध्ये अभिनय मरतो असं नम्रताचं ठाम मत होतं. (मूळ भाषा तिलाही येत नव्हती.) म्हणून खाली उमटणारी इंग्रजी अक्षरं वाचत बघायचं ठरलं. हॉलमधला टीव्ही सासूबाईंच्या, म्हणजे जनाबाईंच्या ताब्यात होता आणि ते अतिक्रमण हटवणं कुणालाच शक्य नव्हतं, तेव्हा लॅपटॉप.

"तुझं ते आकाशातलं मला नाय कळायचं गं," हर्षद म्हणाला.

"कळायची गरजच नाही. अनुभवायचं आहे," नम्रता म्हणाली.

पहिल्या रविवारी बिरडं-भात जेवून हर्षद खुर्चीत बसला. नम्रता त्याच्या शेजारी बसून त्याच्या तोंडाकडे बघू लागली. (मालिका दाखवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नसतं.) पाचव्या मिनिटाला त्याने खुर्ची मागे सरकवली.

"जरा बारीक हाय गं."

"बारकाव्यांचीच मालिका आहे. शू!"

त्याने खुर्ची पुन्हा पुढे ओढली. पहिल्या तीन रविवारी एकूण दोनशे दहा मिनिटांपैकी एकशे बेचाळीस मिनिटं त्याचे डोळे उघडे होते, म्हणजे अडुसष्ट टक्के. ऑफिसातल्या दुपारच्या हजेरीशी तुलना करता हे प्रमाण समाधानकारकच म्हणायला हवं. पण त्याचे अभिप्राय मात्र समाधानकारक नव्हते. "ह्यांच्यात जेवायला लई उशीर करतात," असं तो एकदा म्हणाला. यंत्रमानवाकडे बोट दाखवून "हा चांदीवाला रुसलाय का?" असं एकदा विचारलं. नम्रताने आपल्या वहीत शेरा मारला: गांभीर्याचा अभाव.

चौथ्या रविवारी अचानक एका गिऱ्हाइकाची गाडी बंद पडली. पाचव्या रविवारी त्याला कशेळ्याला लग्नाला जावं लागलं. (लग्न होतं, पण पुढच्या महिन्यात.) तो संध्याकाळी घरी आला तेव्हा नम्रता लॅपटॉप मिटून बसली होती.

"तेरा वर्षांत एक गोष्ट मागितली तुमच्याकडे," ती म्हणाली. "दागिना नाही मागितला."

हर्षदने हात पुसायचं फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकलं. "बसतो ना मी. बसत नाय का?"

सहाव्या रविवारी तो बसला. डोळे पूर्णवेळ उघडे ठेवले, आणि तेच नम्रताला जास्त लागलं. फाशीची शिक्षा झालेला माणूस बसावा तसा बसला होता.

सातव्या रविवारी तिने मूल्यमापन घ्यायचं ठरवलं. वीस प्रश्नांचा छापील कागद त्याच्या हातात दिला. पहिला प्रश्न सोपा होता, कप्तानाचं नाव काय.

हर्षदने कागद डोळ्यांसमोर धरला. मग थोडा लांब नेला. मग आणखी लांब. हात संपला तेव्हा तो उठून दाराशी उजेडात गेला. शेवटी त्याने कागद खिडकीच्या गजात अडकवला आणि स्वतः दोन पावलं मागे सरकला.

हॉलमधून जनाबाई ओरडल्या, "अगं, त्याला बारीक दिसत नाय! परवा सुईत दोरा ओवायला दिला, तर बोट टोचून घेतलं."

नम्रता बघत राहिली. "कधीपासून?"

"दिवाळीपासनं असंल," हर्षद म्हणाला. "गॅरेजात पण बाराच्या जागी तेराचा पाना उचलतो. मी बोल्लो व्हतो तुला."

"कधी बोललात?"

"पयल्याच रविवारी. तू शू म्हटलंस."

नम्रताने कागद खिडकीच्या गजातून काढून घेतला.

"मग एवढे रविवार तुम्ही बघत काय होतात?"

"चितरं," हर्षद ओशाळून म्हणाला. "गोष्ट माझी मी लावली. तो टकल्या हाय ना, तो त्या उंच बाईचा बाप. तिच्यासाठी सोयरीक बघत गावोगाव हिंडतोय. चांदीवाला त्याचा थोरला जावई. कधी बघावं तवा ताटावर नाय. लग्नात मानपान राहिलाय त्याचा. आणि ते सगळे मिळून हवेत नकाशा काढतात, ती जमिनीची वाटणी."

टकल्या हा कप्तान होता, उंच बाई ही मुख्य शास्त्रज्ञ होती आणि हवेतला नकाशा आकाशगंगेचा होता. नम्रताने दुरुस्ती न करता प्रश्नांच्या कागदाची घडी घातली.

त्याच आठवड्यात कर्जतला जाऊन हर्षदने चष्मा केला. रविवारी चष्मा लावून त्याने दोन भाग अक्षर न् अक्षर वाचत पाहिले. मग चष्मा काढून पुसला.

"हाय, चांगलं हाय," तो म्हणाला. "पण माझीवाली बरी व्हती."

नम्रताने थोडा वेळ विचार केला. मग हात पुढे करून खालची अक्षरं बंद केली.

"बरं, सांगा. जावयाचा रुसवा निघाला का?"

पुढचे कित्येक रविवार 'दूरचा तळ' हर्षदच्या भाषांतरात चालली. तिसऱ्या आठवड्यात जनाबाईंनी आपण होऊन टीव्ही बंद केला (अशी घटना या घरात पूर्वी नोंदलेली नाही) आणि त्या वालाच्या शेंगा सोलायला घेऊन येऊन बसल्या. जावई निर्दोष आहे, सगळी चूक टकल्याची, असा निकाल त्यांनी दिला.

शेवटच्या भागात त्या माणसांचा ग्रह कृष्णविवरात जातो. सगळे यानाच्या काचेशी उभे राहून बघतात. या जागी नम्रता तिन्ही वेळा रडली होती, विश्वाच्या अफाटपणामुळे.

"जमीन गेली त्यांची," हर्षद म्हणाला. "शेवटची बघून घेतायत." मग म्हणाला, "हायवे रुंद झाला तवा आमचे आबा असेच उभे व्हते बांधावर. मी सहावीत व्हतो. जेवायला बोलवायला गेलो, तर वळून बघंनात."

नवऱ्याचा विषय निघताच जनाबाईंचे हात शेंगेवर थांबले. नम्रताला हे तेरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. तिने लॅपटॉप बंद केला.

"मग? आले का जेवायला?"

"आले. लई उशिरा," हर्षद म्हणाला. मग तो बराच वेळ बोलत राहिला, आणि नम्रता या वेळी पडदा नसतानाही त्याच्या तोंडाकडे बघत होती.

ही हकिगत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्या प्रत्येकाला नम्रताच्या जागी आपल्या घरातलं दुसरं माणूस दिसलं. स्वतःला सगळ्यांनी हर्षदच मानलं. नम्रताचं पद त्यामुळे कागदोपत्री अद्याप रिक्त आहे. वाचकांनी अर्ज करायची तसदी घेऊ नये. त्यांची नेमणूक केव्हाच झालेली आहे, आणि आदेशाची प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे आहे.