लोहाऱ्याची सर्जनशील प्रार्थना समिती

देवाला वेळेचं बंधन नाही, हे सर्वमान्य आहे. माणसाला मात्र नऊची ड्युटी असते. या मूलभूत विसंगतीवर आजवर कोणालाच तोडगा सापडला नव्हता. तो लोहाऱ्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीनं मागच्या वर्षी काढला.

पूर्वीची पद्धत अगदीच मागासलेली होती. माणूस गुडघे टेकायचा, डोळे मिटायचा आणि देवाशी बोलायचा. यात वेळ जायचा, शिवाय गुडघे दुखायचे. म्हणून सर्जनशील प्रार्थना समिती नेमण्यात आली. मी तिचा सचिव. प्रत्येकानं आपल्या दिनक्रमाला साजेशी रोजच्या प्रार्थनेची पद्धत शोधावी आणि नमुना 'ब' भरून मंजूर करून घ्यावी, असं ठरलं (नमुना 'अ'चा शोध सुरू आहे).

निकाल थक्क करणारे आहेत. तानाबाईंनी कुकर-पद्धत काढली. पहिली शिट्टी घरच्यांसाठी, दुसरी शेजाऱ्यांसाठी, तिसरी देशासाठी. जुनी तूर शिजायला हट्टी, सात-सात शिट्ट्या खाते. त्यामुळे मागच्या महिन्यात प्रार्थना श्रीलंकेपर्यंत गेली. रजत कारखान्यात जाता-येता सिग्नलवर प्रार्थना करतो. लाल दिव्याला सुरुवात, हिरव्याला आमेन. माझी पाच बोटांची पद्धत: अंगठा घरचे, तर्जनी चर्चचे पाळकसाहेब, मधलं बोट पुढारी (सगळ्यांत उंच म्हणून, दुसरं कारण नाही), अनामिका आजारी लोक, करंगळी मी. सध्या अनामिका विळ्यानं कापली आहे. सबब वैद्यकीय कारणास्तव आजारी लोक वगळले आहेत.

प्रार्थनेचा सरासरी कालावधी अकरा मिनिटांवरून छत्तीस सेकंदांवर आला. चौऱ्याण्णव टक्के सभासद समाधानी आहेत. उरलेल्या सहा टक्क्यांना विचारलेलं नाही. देवालाही नाही.

अशा सुरळीत कारभारात रुपीबाई उभ्या राहिल्या. तांड्यावरून चालत येणाऱ्या, मागच्या बाकावर बसणाऱ्या. रविवारची उपासना संपत आली होती आणि चहाचा वास सुटला होता.

"मले काही पद्धत-बिद्धत येत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "गुरुवारी मालकाच्या पोटाचं आपरेशन हाय. मले लय भेव लागून राह्यलं. कोणी दवाखान्यात माह्यापाशी बसून प्रार्थना करता काय?"

विनंती नमुन्यात नव्हती, तरी समितीनं मोठ्या मनानं विचारात घेतली.

"माय वं, गुरुवारी तं आमच्या घरी झुणका-भाकर असते," तानाबाई हळहळल्या. "कुकरच चढत नाही."

"दवाखान्याच्या रस्त्यानं एकबी सिग्नल नाही ना, मावशी," रजत म्हणाला.

मी पट्टी बांधलेलं बोट दाखवलं. शेवटी आपरेशन शुक्रवारी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. रुपीबाई चहा न घेताच निघाल्या. मला वाईट वाटलं (ही बाब इतिवृत्तात घेतलेली नाही).

डॉक्टर अडेलतट्टू निघाले. आपरेशन गुरुवारीच झालं. रुपीबाईंचे मालक, म्हणजे पती हरिसिंग, वाचले. हे यश नेमकं कोणत्या पद्धतीचं, याविषयी समितीकडे नऊ दावे आले. त्यांपैकी एक श्रीलंका शिट्टीचा होता.

पुढच्या रविवारी साक्ष द्यायला रुपीबाई पुढे आल्या.

"कोणीच नाही आलं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. "चार घंटे एकटीच बसून होती मी. भिताडाले टेकून म्हणत राह्यली, देवा, पाह्य गा जरा. बस, एवढंच."

मग समितीनं टाळ्या वाजवल्या. ही पद्धत विलक्षण नवी होती! साधनं शून्य, शब्द चार. तिला बारावा क्रमांक देण्यात आला असून पुढच्या महिन्यात तिच्यावर दोन दिवसांचं शिबिर आहे. (रुपीबाईंना बोलावणं नाही, त्यांना पद्धत येते.)

समितीचं सभासदत्व आता सर्व धर्मांच्या वाचकांना खुलं आहे. पात्रतेसाठी आपला मोबाइल काढावा. जोडलेल्या दोन हातांचं चित्र आपण शेवटचं कोणाच्या आजारपणावर पाठवलं, ते पाहावं. तो माणूस पुढे बरा झाला का, हे आपल्याला ठाऊक असेल तर क्षमस्व, आपण अपात्र आहात. बाकीच्यांनी अर्ज करण्याची गरज नाही. आपली नावं आमच्या यादीत आधीपासूनच आहेत.