वाणात गेलेला फिल्टर

आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत. ही बढाई नाही, पद्धत आहे. मी चिलर प्लांटचा मेंटेनन्स इंजिनिअर. अख्ख्या टॉवरचा एसी माझ्या भरवशावर चालतो, तिथे घरातल्या चार वस्तूंची काय कथा! उद्या न्यायची वस्तू आजच दाराजवळ ठेवायची, एवढं पाळलं की माणूस आयुष्यात काही विसरत नाही. हा नियम मी दुबईतल्या आमच्या अल कुसैस भागातल्या निम्म्या मराठी मंडळींना ऐकवलेला आहे. दोन हजार दोनच्या संक्रांतीपासून मात्र ऐकवणं बंद केलं.

मला एक छंद आहे आणि तो सांगताना मी अजूनही आधी इकडेतिकडे बघून घेतो. मॉड्युलर सिंथेसायझर. म्हणजे एक वाद्यच, पण सुटंसुटं. पोथीएवढे धातूचे तुकडे, त्यांवर फिरवायची बटणं. एक तुकडा आवाज काढतो, दुसरा तो तासतो, तिसरा त्याला डोलवतो, आणि सगळे एकमेकांना वायरींनी जोडायचे. आमची सौ. अनुपमा त्याला 'तुमचं टेलिफोन एक्स्चेंज' म्हणते. पाहुणे आले की त्यावर पलंगपोस टाकते.

दुबईत अशा वेड्यांची एक बैठक महिन्यातून एकदा, शुक्रवारी भरायची. ग्रॅहम नावाच्या पांढऱ्या दाढीच्या इंग्रजाचं साउंड सिस्टिमचं गोदाम होतं, तिथे. मी प्रत्येक वेळी गुरुवारी ठरवायचो की आता जायचं बंद, आणि शुक्रवारी दाढी करून तयार असायचो. तिथे गेलं की बरं वाटायचं, कारण वायरींबद्दल बोलताना कोणी जांभई देत नसे. आणि तिथे बसलं की छातीत धडधडायचं, कारण जे वाजायचं ते मला कळत नसे. चाल म्हणून नाही. नुसतं घूंऽऽ, मग ट्यांव, मग पुन्हा घूंऽऽ. बाकीचे डोळे मिटून माना हलवायचे, मीही हलवायचो. एकदा घूंऽऽ थांबलं म्हणून मी मोठ्या मनाने टाळ्या वाजवल्या. ते संपलं नव्हतं. सगळ्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ती लाज अजून माझ्या कानांत आहे.

आणि त्या शुक्रवारी वाजवायची पाळी माझी होती. त्यासाठी ग्रॅहमने मला त्याचा फिल्टर उसना दिला होता. फिल्टर म्हणजे तो आवाज तासणारा तुकडा. ग्रॅहमने तरुणपणी स्वतःच्या हाताने जोडलेला, त्याला जोड नाही. देताना तो म्हणाला, "नागेश, आजवर हा मी कोणालाही दिलेला नाही." त्या वाक्याने मी महिनाभर फुगून होतो. मला त्या मंडळींनी आपला मानावं, एवढी एकच इच्छा होती. का, ते विचारू नका, मलाही सांगता येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे अनुपमाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. या गावात आल्यापासूनचं पहिलं मोठं. पार ऊद मेथा भागापासून बायका येणार होत्या. वाण म्हणून तिने स्टीलचे छोटे ट्रे आणले होते आणि चंदेरी कागदात गुंडाळून खोक्यात भरले होते. मीही त्याच दुपारी माझे तुकडे एका खोक्यात भरले. या तुकड्यांना अंगावरच्या स्थिर विजेचं भय असतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या चंदेरी फॉइलमध्ये एकेक छान गुंडाळला. आणि नियमाप्रमाणे खोकं दाराजवळ ठेवलं. तिथे आधीच एक खोकं होतं. ते मी उचलून बेडरूममध्ये सरकवलं.

हळदीकुंकवाला पुरुषांनी घरात थांबायचं नसतं. मी खाली पार्किंगमध्ये फेऱ्या मारत उद्याच्या वादनाची मनातल्या मनात तालीम करत होतो. वर शेजारच्या शोभनावहिनी दाराशी उभ्या राहून वाण देत होत्या. अनुपमाने त्यांना सांगितलं होतं, "दाराजवळच्या खोक्यातून द्या."

सगळ्या गेल्यावर मी वर आलो. अनुपमा खुशीत होती. "आभा, बाबांना तिळगूळ दे. अहो, काय मस्त झालं म्हणून सांगू! एक खोकं पटकन संपलं, मग शोभना म्हणाली अजून आहे का, तर बेडरूममध्ये दुसरं सापडलं. मी दोन खोकी कधी भरली, माझंच मला आठवेना."

मी दाराजवळच्या खोक्यात पाहिलं. तळाशी एक वायर होती.

मी खोकं उलटं करून झटकलं. मग म्हणालो, "अनुपमा, तू ग्रॅहमचा फिल्टर वाटलास."

"मी?" तिने कमरेवर हात ठेवला. "माझं खोकं कोणी हलवलं?"

"बाबा, टेक्निकली इट्स युअर फॉल्ट," आभा म्हणाली. ती दहा वर्षांची आहे आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.

"ठीक आहे," मी म्हणालो, "फोन कर आणि परत माग."

अनुपमा मटकन सोफ्यावर बसली. "वाण परत मागायचं? सवाष्णीला दिलेलं? अहो, मला या गावात राहायचंय. असं कोणी केलेलं ऐकलंय का तुम्ही? उद्या मराठी मंडळात बायका मला बघून पदर सावरून बाजूला होतील."

तिचे डोळे भरून आले. एकीकडे ग्रॅहम, एकीकडे सवाष्णी, मध्ये मी. पण इंजिनिअर उगाच झालो का? मी तोडगा काढला. परत मागायचं नाही, बदलून द्यायचं. "वाण डिफेक्टिव्ह निघालं, त्याऐवजी चांगलं घ्या." उरलेले ट्रे होतेच. अनुपमाने जरा विचार केला आणि म्हणाली की असं चालेल. मग तिने पहिल्या आलेल्या बायकांना फोन लावले आणि मी निश्चिंत झोपलो. तीच चूक झाली.

कारण इथे लोकल कॉल फुकट. सकाळी मी पहिल्या दारात पोचलो तोवर बातमी पुढे गेली होती.

रंजिताताईंनी तुकडा किल्ल्या अडकवायला दाराशी लावला होता. वायरी खुपसायची भोकं होती, त्यांत हुक बसले होते. "डिफेक्टिव्ह म्हणजे काय हो भाऊ? बटणं तर छान फिरतात." तो मिळाला. दुसऱ्या घरी तुकडा रबरी हातमोजे घालून माझ्या हातात देण्यात आला. "शॉक लागतो म्हणे?" तिसऱ्या घरी तो गॅलरीत, वाळूच्या बादलीत पुरलेला होता. "आमच्या ह्यांना रात्री करंट लागल्यासारखं झालं," बाई म्हणाल्या. "अनुपमाला म्हणावं, तिने मुद्दाम नाही केलं हे माहीत आहे आम्हाला." 'मुद्दाम' हा शब्द ऐकून मी ट्रे त्यांच्या हातात कोंबला आणि लिफ्ट गाठली. घरी अनुपमाला काय सांगायचं?

एकेक करत सगळे तुकडे मिळाले. राहिला फक्त ग्रॅहमचा. तो होता ऊद मेथाला, प्रज्ञाताईंकडे. दुपारी ग्रॅहमकडे पोचायचं होतं, म्हणून मी माझं वाद्याचं रिकामं कपाट, म्हणजे तुकडे बसवायची स्पीकरवाली पेटी, वायरींसकट डिकीत टाकून तसाच निघालो.

प्रज्ञाताईंचे यजमान दत्तप्रसाद एका तेलकंपनीत सेफ्टी ऑफिसर. मी त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी वळवली आणि ब्रेकवर पाय तसाच राहिला. पार्किंगच्या मधोमध लाल शंकू होते. शंकूंना पिवळी फीत बांधलेली होती. फितीच्या आत, चंदेरी कागदावर, ग्रॅहमचा फिल्टर एकटा पडला होता. भोवती अर्धी बिल्डिंग उभी होती. वॉचमन अलीमियाँ हातात आग विझवायचा सिलिंडर घेऊन तयार होते.

"नागेशराव, लांब राहा," दत्तप्रसाद म्हणाले. "आयटम अनआयडेंटिफाइड आहे. मी सिव्हिल डिफेन्सला कॉल करतोय."

"अहो, तो माझा आहे! मी तो बदलून न्यायला आलोय."

"म्हणजे फॉल्टी आहे हे तुम्हाला मान्य आहे. मग हात लावू देणार नाही. प्रोसीजर आहे."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. मला पुढचं सगळं दिसायला लागलं. गाड्या येणार, गणवेशातली माणसं विचारणार, हे काय आहे? मी सांगणार, साहेब, हा आवाज तासतो. ते विचारणार, कशाला? या प्रश्नाचं उत्तर मी बायकोलासुद्धा कधी देऊ शकलो नव्हतो. माझा व्हिसा डोळ्यांपुढे फडफडला.

"थांबा," मी म्हणालो. "फॉल्टी नाही. सुरक्षित आहे. सिद्ध करून दाखवतो."

"कसं?"

"वाजवून."

अलीमियाँच्या खोलीतून लांब वायर ओढली. कपाट बॉनेटवर ठेवलं, गोळा केलेले तुकडे त्यात बसवले. वाळू झटकली, हुक उपटले. फितीखालून वाकत जाऊन फिल्टर उचलला, तेव्हा बायकांनी पोरांना मागे ओढलं. पहिली वायर मी दोनदा चुकीच्या भोकात खुपसली. शेवटी बटण दाबलं.

घूंऽऽ.

कोणी मेलं नाही. मी फिल्टर हळूहळू उघडत गेलो, दुसरा स्वर मिळवला, आणि रोज संध्याकाळी घरी दार लावून जो आवाज मी एकटा ऐकतो, तो पार्किंगमध्ये पसरला. तंबोऱ्यासारखा, भरलेला. अलीमियाँनी सिलिंडर खाली ठेवला. पोरं फितीच्या आत आली. मला एकदम फार बरं वाटलं, इतकं की वेळेचं भान राहिलं नाही.

बंद केल्यावर दत्तप्रसादांनी फीत गुंडाळली. "सेफ," त्यांनी जाहीर केलं.

मी हसत ट्रे पुढे केला. "वहिनी, हे घ्या तुमचं वाण."

प्रज्ञाताई ट्रेकडे बघतच राहिल्या. "पण भावजी, ते तर चांगलं आहे ना? आत्ताच तुम्ही सगळ्यांसमोर सिद्ध केलंत. मग बदलायचं कशाला? आणि चांगलं वाण कोणी परत करतं का? माझ्या सासूबाई वर आहेत, त्यांना काय सांगू?"

त्यांनी तुकडा माझ्या कपाटातून हळूच सोडवला, पदराने पुसला आणि जिना चढून गेल्या. अनुपमाचं नाव टिकवायचं तर मला तोंडातून अवाक्षर काढता येत नव्हतं. मी बॉनेटला टेकून उभा राहिलो.

ग्रॅहमकडे पोचलो तेव्हा सगळे माझी वाट बघत होते. आता काढतात बाहेर, या खात्रीने मी सगळं सांगून टाकलं. ग्रॅहमचा चेहरा आधी उतरला, मग त्याने दाढी खाजवली.

"परत मागताच येत नाही?"

"नाही."

"मी मागितला तरी?"

"तुम्ही तर मुळीच नाही. तुम्ही सवाष्ण नाही."

त्याने समोरचा स्पीकर बंद केला. मग किल्ल्या घेऊन उठला. "मागता येत नाही, पण भेटता तर येईल. यल्ला, चला."

अशी ती बैठक त्या दिवशी माझ्या गाडीमागे तीन गाड्या करून ऊद मेथाला गेली. प्रज्ञाताईंना आधी फोन केला होता. त्यांनी उपमा टाकला, तिळगूळ दिला, फिल्टर देवघराशेजारच्या टेबलावर मांडला आणि ग्रॅहमला स्पष्ट सांगितलं, "हे वाण आहे, परत देणार नाही. पण तुम्ही केव्हाही येऊन वाजवा." ग्रॅहमने माझे तुकडे जोडले आणि त्याचा तो जुना फिल्टर असा काही वाजवला की सांगता येत नाही. घूंऽऽ, मग ट्यांव, मग पुन्हा घूंऽऽ. त्याचे मित्र डोळे मिटून बसले. दत्तप्रसाद शंकू घेऊन दाराशी उभे होते.

आवाज थांबला. मी टाळी वाजवली नाही. आता मी शहाणा झालो होतो.

त्या शांततेत प्रज्ञाताईंच्या सासूबाई, जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसलेल्या, प्रेमाने ग्रॅहमकडे वळल्या. "सुरात लागलं का मशीन? लागलं असेल तर आता काहीतरी म्हणा, मी केव्हाची बसल्ये."

ग्रॅहमने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात त्या?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याचा फिल्टर माझ्यामुळे गेला होता.

"त्या म्हणतात," मी सांगितलं, "की असं त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं."

ग्रॅहमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने उठून आजींना वाकून नमस्कार केला आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की यापुढे दर महिन्याची बैठक इथेच, त्यांच्यासमोर.

तेव्हापासून माझी एकही बैठक चुकलेली नाही. गुरुवारी मी अजूनही ठरवतो की आता जायचं बंद. पण आजी दर वेळी काही ना काही म्हणतातच, ते ग्रॅहमला 'सांगायला' मीच लागतो, आणि परवापासून आभा म्हणतेय की बाबा, मलाही यायचंय, आय कॅन ट्रान्सलेट.