हरकाऱ्यांचं सुतक

आमच्या शेजारच्या हरकाऱ्यांना वर्षातून दोन-तीनदा तरी सुतक असतं, आणि गेलेल्या माणसाला त्यांनी जन्मात पाहिलेलं नसतं.

मला हे आधी ठाऊक नव्हतं. आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात नवीन राहायला आलो आणि आठवड्याभरातच कळलं की शेजारी सुतक आहे. मी रीतसर भेटायला गेलो. चेहरा शक्य तितका उतरवला, चपला दारात काढल्या आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"मनोहरराव. लातूरचे."

"तुमचे कोण?"

"ते अजून ठरायचंय," हरकारे म्हणाले.

मग खिशातून पेपरचं कात्रण काढून त्यांनी मला दाखवलं. टपालाच्या तिकिटाएवढा फोटो आणि खाली 'मनोहर हरकारे'. "आडनाव बघा, जाधव. सबंध महाराष्ट्रात आम्ही मूठभर. हरकारे म्हटलं की भाऊबंद आणि भाऊबंद म्हटलं की सुतक." दाढीचे खुंट वाढलेले, देवघरावर पडदा, घरात गोडधोड बंद. लांबचं नातं असेल तर तीन दिवस पुरतात, त्याहून लांबचं असेल तर नुसती अंघोळ, असं त्यांना एका गुरुजींनी सांगून पाहिलं होतं. हरकाऱ्यांचं म्हणणं, लांबचं की जवळचं हे ठरेपर्यंत दहाच धरावेत, कमी पडायला नकोत.

हे सगळं त्यांनी मला उभ्यानं सांगितलं. हरकारे बसत नाहीत. चहा उभ्यानं पितात. पेपर माझ्या फाटकाशी उभ्यानं वाचतात, तोही माझाच, आणि मागच्या बाजूनं, कारण निधनवार्ता आठव्या पानावर असतात. वहिनी सांगतात, लग्नात पाटावर सगळा वेळ नुसती चुळबुळ चालली होती. सप्तपदीला मात्र असे सुटले की शेल्याची गाठ सुटायची वेळ आली. मी जन्मभर मास्तरकी केली, म्हणजे खुर्चीतच हयात गेली. त्यांना नुसतं बघून मला दम लागतो.

या पळापळीचं मूळही आडनावात आहे, असा त्यांचा दावा. हरकारा म्हणजे जुन्या काळी टपालाची थैली खांद्यावर टाकून पळणारा माणूस. चार कोस पळायचं, पुढच्या टप्प्यावर दुसरा हरकारा तयार असायचा, त्याच्या हातात थैली द्यायची की तो पळत सुटायचा. "थैली थांबता कामा नये" हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते कशालाही लागू पडतं. कपातला चहा निवत असला, लग्नाची पत्रिका पोचवायची राहिली, गल्लीत कुणी गप्पा मारत उभं राहिलं की हरकारे म्हणणार, "चला, थैली थांबता कामा नये."

"तुमचं बरं आहे, जाधव," ते मला नेहमी म्हणतात. "बाजारात दगड भिरकावला तर जाधवालाच लागेल. आमचं तसं नाही. आम्ही गठ्ठ्यानं सापडतच नाही. एका गावात दोन हरकारे ठेवून करायचं काय? दुसऱ्यानं नुसतं बसायचं? म्हणून एका गावात एकच घर. आमचा भाऊ कायम पुढच्या टप्प्यावर."

हा सिद्धांत त्यांनी भिंतीवर मांडलाय. महाराष्ट्राचा मोठा नकाशा, खाली कर्नाटकाचा जोडलेला, आणि त्यावर वहिनींच्या टिकल्या. लाल टिकली म्हणजे पक्का हरकारे, काळी म्हणजे संशयित. लातूर, बार्शी, विजापूर, गुलबर्गा असा माग काढत ते टप्पे जुळवत असतात. टिकल्यांचा डिंक हलका, त्यामुळे पंखा जोरात लावला की एखादा हरकारे गळून पडतो. "आज बार्शी केरात गेली," असं वहिनी शांतपणे सांगतात. बिचारीच्या पाकिटात स्वतःसाठी एक टिकली उरत नाही.

हरकारे टॉवेलच्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहेत, म्हणजे गठ्ठे बांधून गावोगाव पाठवणं हेच काम. एका वर्षी त्यांनी प्रत्येक गठ्ठ्यात चिठ्ठी सरकवली, 'आपल्या गावी हरकारे असल्यास कळवावे.' महिनाभरानं मालकाकडे उत्तरं यायला लागली. हुबळीच्या व्यापाऱ्यानं लिहिलं की हा माल आमच्याकडे चालत नाही. राजकोटच्या व्यापाऱ्यानं विचारलं, यात रंग कोणकोणते? मालकानं त्यांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि बसा म्हणाला. हरकारे म्हणतात, तीच खरी शिक्षा.

नकाशात एक काळी टिकली भर पाण्यात आहे. उजनी धरणाच्या निळ्या फुगवट्यात करमाळ्याच्या बाजूला. तिथल्या गावात एक हरकारे होते अशी खबर लागली तेव्हा मलाही ओढत नेलं. केळीच्या बागांमधून चिखल तुडवत आम्ही काठावर गेलो. एकजण मोटारीचा पाइप बांधत होता. त्याला हरकाऱ्यांनी गावाचं नाव सांगून घर विचारलं.

"ते गाव?" त्यानं पाण्याकडे बोट केलं. "ते तितं खाली हाय की."

"आणि माणसं?"

"मानसं काय पान्यात बसत्यात व्हय? गेली कुटंकुटं."

हरकारे बराच वेळ पाण्याकडे बघत येरझारा घालत राहिले. मी म्हटलं, चला आता. तर म्हणाले, बुडालं म्हणून टिकली काढता येत नाही.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि आमचं वाजलं. हॉल, आचारी, हार, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, सगळं हरकाऱ्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. अशा कामाला पायाला भिंगरी लागलेला माणूस बरा, म्हणून मीही निर्धास्त. साखरपुड्याच्या आदल्या सकाळी ते फाटकाशी आले, पण आत येईनात. हातात माझाच पेपर.

"जाधव, सुतक आलं."

अक्कलकोटच्या पुढे, पार कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावातल्या गुरव्वा हरकारी वारल्या होत्या. मी संतापलो. हरकारी आणि हरकारे एक कशावरून, म्हणालो. ते म्हणाले, कानडीत असंच म्हणतात. मी म्हणालो, ती बाई तुमची आत्या नाही, मावशी नाही, तुम्ही तिचं तोंड पाहिलं नाही. ते मान खाली घालून उभे राहिले, पण फाटकाच्या आत काही पाऊल टाकलं नाही. साखरपुड्यात आचारी उशिरा आला आणि नवऱ्या मुलाचा मामा स्टेशनवर तासभर ताटकळला. मी हरकाऱ्यांशी बोलणं टाकलं.

नवव्या दिवशी ते पुन्हा फाटकाशी आले. "उद्या दहावा आहे. येता का?" मी गेलो. खरं सांगायचं तर ज्या बाईनं माझ्या मुलीच्या साखरपुड्यात खोडा घातला तिचं घर मला एकदा बघायचं होतं.

गावात पोचलो तर दहाव्याची काही खूणच नाही. ना न्हावी, ना पाहुणे. अंगणात साठीचा एक माणूस शेंगा फोडत बसलेला, दाढी ताजी गुळगुळीत. हा गुरव्वांचा मुलगा, शिवप्पा. आणि त्याच्यासमोर दहा दिवसांची दाढी वाढवलेले, काखेत टॉवेल घेतलेले आमचे हरकारे. सुतकी कोण म्हणून कुणाला विचारलं असतं तर त्यानं हरकाऱ्यांकडेच बोट दाखवलं असतं.

"बर्री, बर्री, या की," शिवप्पा म्हणाला. "कूडरी." म्हणजे बसा. हरकारे अर्थातच बसले नाहीत. उभ्यानंच विचारलं, "दहावा कुठे आहे?"

"दहावा?" शिवप्पा गोंधळला. "आमी लिंगायत की हो. आमच्यात सुतक न्हाई. अव्वा शिवाकडं गेली. शिवाकडं गेलेल्याचं सुतक कसलं धरायचं?"

मला इतकं हसू आलं की मी तोंड फिरवून गोठ्याकडे बघत राहिलो. ज्या घरात सुतक हा प्रकारच नाही त्या घराचं सुतक हा माणूस दहा दिवस पाळत होता. हरकाऱ्यांचा हात दाढीवर गेला आणि तिथंच राहिला.

शिवप्पानं एकदा दाढीकडे पाहिलं, एकदा टॉवेलाकडे. मग त्याला उमगलं. तो उठला आणि कानडीत घरातल्या सगळ्यांना हाका मारायला लागला. बायको, सुना, नातवंडं अंगणात गोळा झाली. "बगा," तो मराठीत म्हणाला, बहुधा आम्हालाही कळावं म्हणून, "आपल्या अव्वासाटी ह्ये मानूस सोलापुरात दाडी वाडवून बसलंय." त्याचे डोळे भरले. माझं हसू तिथंच जिरलं.

मग कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असं आग्रहाचं जेवण झालं. हरकारे खांबाला टेकून उभ्यानं जेवले. जेवता जेवता चौकशी चालू. कुलदैवत? निराळं. मूळ गाव? हेच. कुणी सोलापूरकडे गेलं होतं? ऐकिवात नाही. "आज्जा टपालाची थैली न्ह्यायचा म्हंत्यात, पळत," शिवप्पा म्हणाला. "त्येच्याफुडचं काय ठावं न्हाई बगा."

परतीची बस निम्मी रिकामी होती. मी बसलो, हरकारे दांडी धरून माझ्याशेजारी उभे राहिले. खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं, लाल की काळी असा बराच विचार केला आणि परत ठेवून दिलं. मग, मी काही विचारलं नसताना, बोलायला लागले.

"वडील गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा. भाऊ नाही, चुलता नाही. दहाव्याला न्हाव्यानं घाटावर पोतं अंथरलं, चांगलं लांबरुंद. त्याला वाटलं चार-पाच जण असतील भाऊबंद. माझं डोकं केलं, वस्तरा पुसला आणि म्हणाला, आता कोण? मी म्हटलं, कोणी नाही. त्याला वाटलं, कुणीतरी वाटेत असेल. तो थांबला. जाधव, तो लई वेळ थांबला हो."

बस वळणावर हलली. त्यांनी दांडी घट्ट धरली.

"आता आई ब्याऐंशीची आहे. तिच्याही दहाव्याला तो विचारणारच की, आता कोण?"

"मी बसेन," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

"तुम्ही जाधव," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, नुसती माहिती होती.

त्या दिवसापासून मी आठवं पान आधी वाचायला लागलो. मला त्यांची कीव आली असं म्हणणार नाही. माझीच मला लाज वाटली, त्या साखरपुड्यावरून.

त्याच वर्षी थंडीत त्यांची आई गेली. निधनवार्ता हरकाऱ्यांनी स्वतः लिहिली, दहाव्याच्या वेळेसकट. नकाशावरच्या लाल टिकल्यांना एकेक करून फोन लावले. लातूरवाल्यानं वाईट झालं म्हणून ठेवून दिला. बार्शीवाला म्हणाला, कोण हरकारे? विजापूरचा उचलेचना. हरकारे दहा दिवस अंगणात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चालत होते. वहिनींनी मला हळूच सांगितलं, "दहाव्याला पोतं लहान आणायला सांगा त्या न्हाव्याला." मी सांगितलं.

पण न्हाव्याचा हात पडला सवयीचा. घाटावर त्यानं पोतं अंथरलं ते चांगलं ऐसपैस. हरकारे त्याच्या एका टोकाला बसले. गुरुजी घाई करत होते, त्यांना दुसरीकडेही जायचं होतं. हरकाऱ्यांचं डोकं झालं. न्हाव्यानं वस्तरा पुसला आणि सवयीनं मान वर करून विचारलं, "आता कोन?"

मी पुढं होणार होतो, जाधव तर जाधव. तेवढ्यात मागून आवाज आला, "हाय की. म्या हाय."

पायऱ्यांवरून शिवप्पा उतरत होता. हातात टोपी, गालावर पांढऱ्या दाढीचे खुंट. धापा टाकतच तो हरकाऱ्यांसमोर उभा राहिला. "तवापासनं म्या बी पेपरातलं आटवं पान बगतो. धा दिस दाडी केली न्हाई, गोड खाल्लं न्हाई. बरोबर हाय न्हवं? तुमचं आमाला म्हाईत न्हाई, चुकलं तर सांगा."

"तुमच्यात सुतक नाही ना?" हरकारे कसंबसं म्हणाले.

"आमच्यात न्हाई. तुमच्यात हाय की." त्यानं पोत्याकडे पाहिलं. "कुटं बसू?"

हरकारे जागचे जरा सरकले आणि शेजारी पोत्यावर हात ठेवला. "कूडरी," ते म्हणाले.

न्हाव्यानं शिवप्पाच्या डोक्याला पाणी लावलं. केस दाट होते, वेळ लागत होता. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "हरकारे, तुमचं झालंय ना? उठा, आपण पुढचं सुरू करू."

हरकारे मांडी घालून बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं. ते हलले नाहीत.

"थांबा की जरा," ते म्हणाले. "भावाचं व्हायचंय अजून."